पंचकल्याणी घोडी आणि आबांचे चार नाल

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका कोल्हापूरजवळ राहतात, वय ३१. आजोबांचा टांगा होता, स्टेशन ते भवानी मंडप फेऱ्या व्हायच्या. टांगा गेला, पण घोड्याचं वेड घरात राहिलं. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी, म्हणजे आबांनी, अकलूजच्या बाजारातून एक पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली, घोडी आणली. लेखिका रोज संध्याकाळी तिला उसाच्या पाणंदीतून फिरवतात, रविवारी डांबरी रस्त्यानं जोतिबाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. लग्नसराईत आबा तिला वरातीला देतात. गेल्या चैत्रात नाल ठोकताना एक खिळा कच्च्यात, म्हणजे खुराच्या आतल्या मऊ भागात गेला, आत पू झाला आणि घोडी पंधरा दिवस लंगडली. नंतर इंटरनेटवर बघून-वाचून लेखिकेनं ठरवलं की नाल हवाच कशाला, आणि बेंदराच्या आदल्या दिवशी चारही नाल काढून घेतले. आता घोडी खडीवर पाय चोरत चालते. आबांनी ते नाल तेल लावून फडक्यात बांधून ठेवलेत. ते रोज म्हणतात, "अनवाणी पोर हिंडवावं तशी हिंडवतीयास तिला. त्यात पांढऱ्या खुराची. पांढरं खूर कच्चं असतंय." नाल परत ठोकावेत की घोडी तशीच ठेवावी, आणि आबांना काय सांगावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र चार पानी. त्यात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, मी मात्र तिथंच अडलो: "नालबंद मामा आता थकलेत, तीन-साडेतीन महिन्यांनी येतात." तुम्ही आणि आबा नालावरून भांडताय, आणि घोडीचं दुखणं मला या ओळीत दिसतंय.

घोड्याचा खूर म्हणजे नखच. महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. मोकळा असला की जमिनीवर घासून झिजतो. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ काही थांबत नाही. साडेतीन महिने कुणी हात लावला नाही तर खुराचं टोक तीन सेंटिमीटरनी लांबतं आणि नाल त्याच्याबरोबर पुढं ओढला जातो. टाचेखालचा आधार सुटतो, नालाची मागची टोकं आत सरकून तळव्यावर रुततात, आणि पायामागच्या कंडरांवर दर पावलाला ताण येतो. म्हणून नाल असो वा नसो, पाच-सहा आठवड्यांनी खूर तासून घ्यावाच लागतो. नाल झिजलेला नसेल तर तासून झाल्यावर तोच परत बसवता येतो, नवा घ्यायचीही गरज नसते.

चैत्रात खिळा कच्च्यात गेला, त्याचंही मूळ बहुधा इथंच. पुढच्या वेळी घोडीचा पाय उचललात की तळवा नीट बघा. बाहेरून जाड भिंत, तिच्या आतल्या बाजूनं फिकट रंगाची एक बारीक रेघ, आणि रेघेच्या आत तळवा. खिळा त्या रेघेच्या बाहेरच राहायला हवा. तिथं जागा जेमतेम बोटभर रुंदीची. नालाच्या खिळ्याचं टोक एका अंगानं तासलेलं असतं, त्यामुळं तो ठोकताना बाहेरच्या बाजूला वळत जातो आणि भिंतीतून वर निघतो. पण भिंत जुन्या भोकांनी फुटलेली, वाढून बाहेर फाकलेली असेल तर धड जागाच उरत नाही. मग नालबंद थोडं आत सरकून खिळा धरतो, आणि घात होतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी टांगा स्टँडवर एका नालबंदाशेजारी उकिडवा बसायचो. त्यांचं लक्ष हातापेक्षा कानाकडं जास्त. खिळा टणक भिंतीतून जात असला की "टण् टण्" असा कोरडा आवाज, आणि मऊ भागाकडं वळला की आवाज बसतो. आवाज बसला की ते हातोडा थांबवायचे, खिळा उपसायचे आणि खाली बघून वास घ्यायचे. पुस्तकात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या मामांना ऐकू कमी येत असेल तर ती बाब वयाचीच नाही, कामाचीही आहे. एवढं नजरेस ठेवा.

आता आबांचं 'अनवाणी पोर'. कोल्हापुरात राहून मी चपलेच्या विरोधात बोलणार नाही. पण चप्पल रात्री उंबऱ्याबाहेर निघते, नाल निघत नाही. पाऊल टेकताना खुराची टाच दर वेळी जराशी फाकते, तळव्यामधला तो रबरासारखा त्रिकोणी भाग दबतो, धक्का शोषला जातो आणि पायातलं रक्त वर ढकलायलाही मदत होते. लोखंड ठोकलं की ही हालचाल आखडते. म्हणून चांगला नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागातच ठेवतो, टाच मोकळी सोडतो. असे नीट ठोकलेले आणि वेळेवर बदललेले नाल घालून घोडे आयुष्यभर धडधाकट राबलेले मी पाहिलेत. तेव्हा नाल म्हणजे छळ, असं काही नाही.

पांढऱ्या खुराचं मात्र आबांना सोडून द्यायला सांगा. ही समजूत इथलीच नाही, जगभर घोडेवाल्यांत आहे. खुराचा रंग फक्त रंगद्रव्याचा. वर पायाची कातडी पांढरी असेल तर खालून खूर पांढरा येतो, कातडी काळी असेल तर काळा. बळकटी ठरते चाऱ्यावर, ओलाव्यावर आणि तासण्यावर. पांढऱ्या खुरावर मार लागल्याचा तांबडा डाग चटकन दिसतो, काळ्यावर लपतो. लोकांनी पांढऱ्यावर जास्त डाग पाहिले आणि पांढरं खूर कच्चं म्हटलं, असा माझा आपला तर्क.

आता तुमच्याकडं येतो, कारण एक गृहीतक तुम्हीही धरून बसलाय. रानातल्या घोड्याला नाल नसतो, म्हणून माझ्या घोडीलाही नको. रानातला घोडा दिवसभर कोरड्या, खडबडीत जमिनीवर मैलोन्‌मैल चालतो, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही आणि डॉल्बीसमोर त्याला कुणी तास-तास उभा करत नाही. तुमची घोडी दिवसातले वीसएक तास पागेत उभी, बाकीचे दोन-चार तास पाणंदीत. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पेडर फ्रेडरिकसन या स्वीडिश स्वारानं 'ऑल इन' हा घोडा विनानाल अडथळ्यांवरून उडवून संघाचं सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य नेलं, ते तुम्ही पत्रात लिहिलंय. खरं आहे, मीही ते बघताना खुर्चीच्या टोकावर आलो होतो. पण त्या घोड्याच्या पायाखाली विंचरून ठेवलेली वाळू होती. त्याच्या खुराकडं आठवड्या-आठवड्याला बघणारी माणसं होती. त्याच्यावरून नाल न लावताही घोडा मोठं काम करतो, एवढं कळतं. जोतिबाच्या रस्त्याचं काय करायचं ते कळत नाही.

मी हा प्रश्न जमाखर्चासारखा मांडतो. महिन्याची जमा आठ-दहा मिलिमीटर. खर्च किती, ते तुमच्या रस्त्यावर अवलंबून. पाणंदीत खर्च नगण्य, उलट शिल्लकच पडते आणि तासावी लागते. रविवारचं डांबर मधला खर्च. आणि वरात हा मोठा खर्च. सिमेंटच्या रस्त्यावर दोन-तीन तास, त्यात वाद्याच्या तालावर पाय आपटायला लावतात ते वेगळंच. सराईत महिन्यात दहा-बारा वराती झाल्या तर जमेपेक्षा खर्च वाढणार, आणि खर्च वाढला की घोडी भिंतीवरून उतरून तळव्यावर चालायला लागणार. हा अंदाज डोळ्यांनी करू नका. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायाचा खूर, समोर मधोमध, केस संपतात तिथून जमिनीपर्यंत मोजा. दर रविवारी, त्याच जागी, आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहा. तासणीच्या दिवशी आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे लिहा, नाहीतर हिशेब चुकेल. दोन महिन्यांत तुमच्या वादाचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं असेल, आबांनाही ते वाचता येईल.

घोडी आत्ता खडीवर पाय चोरते, त्याचं काय? आबांना वाटतं नालाची गरज सिद्ध झाली. तुम्हाला वाटतं आठवडाभरात सरावेल. दोन्ही नाही. लोखंडामुळं तळवा आजवर जमिनीपासून उचललेला होता, तो पातळ आणि कोवळा राहिलाय. शिवाय तुम्ही नाल काढलेत आषाढात. आपल्याकडच्या पावसात खूर पाणी पिऊन मऊ होतो, दगड लगेच लागतो. यापेक्षा गैरसोयीचा महिना निवडता आला नसता, पण तो निवडून झालाय. नुसत्या खिळ्यांच्या भोकांचाच विचार करा. ती जमिनीपासून दोनेक सेंटिमीटर वर असतात, वाढून खाली यायला आणि तासून जायला दोन-अडीच महिने लागतात. वरून खालपर्यंत अख्खा नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष. तेव्हा आत्ताच्या लंगडण्यावरून कुणीच जिंकल्याचं जाहीर करू नये.

पण आधी हे लंगडणं कोवळ्या तळव्याचंच आहे ना, ते तपासा. मी स्वतः यात एकदा फसलोय. टांग्याचा घोडा नाल काढल्यावर लंगडला, मी म्हटलं तळवा दुखतोय, कातड्याची पट्टी घालून नाल ठोका. आठव्या दिवशी खुराच्या वरच्या कडेनं, केसांतून पू फुटून बाहेर आला. आत आधीच फोड होता आणि मी त्यावर लोखंडाचं झाकण लावलं होतं. तुम्ही असं करा: चारही खुरांवर एकेक करून पालथा हात ठेवा. एकच खूर गरम लागला, किंवा त्या पायाच्या घोट्यामागं बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडताना जाणवली, तर नाल-बिननाल बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि तुमच्या घोडीला चैत्रात खिळा लागलाय. धनुर्वाताची लस कधी टोचली ते पत्रात कुठंच नाही. आठवत नसेल तर या आठवड्यात टोचून घ्या.

दोन्ही पुढचे खूर गरम असतील, घोडी ते पुढं ताणून, वजन मागं टाकून उभी राहत असेल, तर ते आणखी गंभीर. त्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात आणि त्यात एक दिवसही थांबू नये. इथं मला आबांचा गूळ आठवला. "आबा तिला रोज सकाळी गुळाचा खडा देतात, संध्याकाळी उसाचं कांडं," असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. कोल्हापुरात जनावरावर माया करायची ती गुळानंच, मला मान्य. पण साखरेनं आणि जास्तीच्या चंदीनं, म्हणजे दाण्याच्या खुराकानं, घोड्याच्या खुरातला भिंतीचा आणि हाडाचा सांधा ढिला पडतो. ती फिकट रेघ रुंदावते, तळवा हुळहुळा होतो, आणि मग नाल काढला की घोडी खडीवर अडते. अशा घोडीला महागातला महाग बूट घाला, उपयोग शून्य. घोडीची मान वरच्या कडेनं जाड, घट्ट झालीय का बघा. झाली असेल तर गूळ बंद, ऊस बंद, हरभरा निम्मा, आणि वाळलेलं गवत भरपूर. आबा नाराज होतील. त्यांना गुळाऐवजी खरारा हातात द्या, माया तेवढीच पोचते.

पागेतली फरशी शहाबादी आहे आणि पावसात गळतं, असं तुम्ही लिहिलंय. मुताच्या ओलीत उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर कुजतात. तळव्यातला त्रिकोण काळा पडून त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, खणायला गेलं तर चिकट घाण निघते. रोज दोनदा आकडीनं खूर साफ करा, कोरडे पुसा. आणि पागेच्या एका कोपऱ्यात, घोडी जिथं चारा खायला उभी राहते तिथं, पाणी निचरेल असा गोल गुळगुळीत बारीक गोट्यांचा वीतभर थर घाला. हा उपाय माझा नाही. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी होऊन गेला, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी. त्याच्या काळी घोड्याला खिळ्यांचे नाल नव्हतेच, सगळं घोडदळ अनवाणी. घोडा बांधायच्या अंगणात गोल दगड पसरा, त्यावर उभं राहून-राहून खूर टणक होतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. कडेच्या धारदार खडीनं हे साधत नाही, ती टोचते.

मग आता नेमकं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर नाल लगेच परत ठोकले नसते. भिंत भोकांनी फुटलेली, वर पाऊस. त्यात पुन्हा खिळे मारले तर चैत्राचीच पुनरावृत्ती व्हायची भीती. दिवाळीपर्यंत घोडी अनवाणी ठेवा, पाणंदीत हळूहळू चालवा, कडा दर पाच आठवड्यांनी गोल घासून घ्या म्हणजे फुटणार नाहीत. जोतिबाचा रविवार तोवर बंद, किंवा पुढच्या दोन पायांना रबरी बूट. घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं बहुतेकांचं काम दोन बुटांत भागतं. बूट बाहेरून मागवावे लागतील. माप तासणीच्या दिवशीच घ्या, लांबी आणि रुंदी दोन्ही, मिलिमीटरमध्ये. महिनाभर वाढलेल्या खुराचं माप दिलंत तर बूट तासल्यावर घसरतो आणि टाचा सोलतो. फिरून आल्यावर लगेच काढायचे, धुवायचे, वाळवायचे. इथं मात्र चपलेची उपमा चालते.

दर पंधरा दिवसांनी मोबाईलवर बाजूनं तिची चाल टिपा, सावकाश फिरवून बघा. टाच आधी टेकत असेल, किंवा सगळं पाऊल एकदम, तर काम बरोबर चाललंय. खुराचं टोक आधी टेकत असेल तर टाचेत दुखतंय, तिला आणखी वेळ हवाय.

वरातीबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. भरगच्च लग्नसराई आणि अनवाणी खूर हे एकत्र जमणारं नाही. तुळशीच्या लग्नानंतर आबा तिला वरातीला देणारच असतील तर तेव्हा पुढच्या दोन पायांना नाल ठोका, सराई संपली की काढा, मधे दर सहा आठवड्यांनी बदला. तोवर भिंतही नवी आलेली असेल, खिळ्याला जागा मिळेल. गुळगुळीत सिमेंटवर लोखंड घसरतं, ती जोखीम उरतेच. वराती सोडून दिल्या तर घोडी बहुधा कायम विनानाल राहू शकेल. हा निर्णय खुराचा कमी आणि घरातल्या पैशाचा जास्त, तो मी तुमच्या वतीनं घेऊ शकत नाही.

आबांना पटवायला इंटरनेट दाखवू नका. त्यांना बैलांचं विचारा. कारखान्याला उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला हंगामात पत्र्या, म्हणजे बैलाचे नाल, मारतात. शेतातच राबणाऱ्या बैलाला कुणी पत्र्या मारतं का? त्याला अनवाणी पोर म्हणून कुणी हळहळत नाही. रस्ता असेल तर लोखंड, माती असेल तर मोकळा पाय, हा हिशेब आबांना तुमच्या-माझ्या आधीपासून ठाऊक आहे. घोडीच्या बाबतीत मधे टांगा येतो. टांग्याचा घोडा बारा महिने डांबरावर, म्हणून बारा महिने नाल. आजोबांनी केलं ते त्यांच्या घोड्यासाठी बरोबरच होतं.

राहता राहिले नालबंद मामा. त्यांना सोडू नका. पण "नाल नाही ठोकायचा, नुसतं तासा" म्हटल्यावर माणूस निम्मे पैसे पुढं करतो, आणि मग नालबंदाला बिननालाच्या घोडीकडं यायला वेळ मिळत नाही. नुसत्या तासणीला खरं तर तेवढीच कंबर मोडते. नाल ठोकायचे जेवढे देत होतात तेवढेच तासायचे द्या, आणि निघतानाच पुढची तारीख ठरवा. त्यांच्या हाताखाली कुणी पोरगा असेल तर त्यालाही बोलवा, त्याचा कान तयार होऊ दे. तुमच्यासारख्या अजून दोन-तीन घोडेवाल्यांनी मिळून एकच दिवस ठरवला तर मामांचा हेलपाटा वाचतो आणि कुणाचेच साडेतीन महिने होत नाहीत.

आणि ते फडक्यातले चार नाल फेकू नका, अंगठ्या करायला मागणाऱ्यांना तर अजिबात देऊ नका. पुढच्या तासणीला आबांनाच ते घेऊन मामांजवळ बसू द्या. फडकं सोडायचं, प्रत्येक नाल कुठल्या पायाचा ते ओळखायचं आणि कुठल्या कडेला जास्त झिजलाय ते बघायचं. टोक झिजलं असेल तर घोडी पाय ओढते, बाहेरची एकच कड झिजली असेल तर पाऊल वाकडं पडतंय. ती कशी चालली ते त्या लोखंडावर उमटलंय, आणि तासताना कुठली बाजू किती काढायची ते मामा त्यावरूनच ठरवतील.